झेलमच्या पाण्यावरचा मुक्काम



प्रवासाला निघालेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. रात्री पाठ टेकायला सुरक्षित जागा आणि सकाळी पोटाला आधार. पूर्वी ही सोय धर्मशाळा, सराया आणि मुसाफिरखाने करीत असत. आज हॉटेले आणि लॉज ती करतात. पण याशिवाय आणखी एक पद्धत आहे. एखादे कुटुंब आपल्या घरातील खोली पाहुण्याला राहायला देते, सकाळी त्याला न्याहारी देते आणि त्याचे ठरलेले पैसे घेते. आपल्या महाराष्ट्रात पर्यटन विकास महामंडळाने अशा घरांसाठी एक योजना सुरू केली. तिचे नावच ‘निवास व न्याहारी’ असे आहे. कोकणात गेलात तर अशी पुष्कळ घरे दिसतील.

या पाठात आपण अशाच एका मुक्कामाची माहिती घेणार आहोत. मात्र हे घर नदीच्या काठावर नाही, तर प्रत्यक्ष नदीवर आहे. ते लाकडाचे आहे आणि शंभराहून अधिक वर्षांच्या परंपरेने चालत आले आहे. हे घर म्हणजे काश्मीरमधील हाऊसबोट.

नदी आणि शहर

काश्मीरच्या दक्षिण भागात वेरीनाग नावाचा एक झरा आहे. त्याचे पाणी निळे आणि अतिशय स्वच्छ आहे. मोगल बादशहा जहांगीर याने या झऱ्याभोवती अष्टकोनी दगडी हौद बांधला. झेलम नदीचा उगम येथे मानला जातो. संस्कृत ग्रंथांत या नदीला ‘वितस्ता’ म्हणतात. काश्मिरी लोक तिला प्रेमाने ‘व्यथ’ म्हणतात.

ही नदी संथपणे वाहत श्रीनगर शहरात येते आणि शहराच्या मधून वळणे घेत पुढे जाते. जुन्या शहराची वस्ती नदीच्या दोन्ही काठांवर आहे. ही वस्ती सात जुन्या पुलांनी जोडलेली होती. पुलाला काश्मिरी भाषेत ‘कदल’ म्हणतात. अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, जैना कदल, आली कदल, नवा कदल आणि सफा कदल अशी त्या पुलांची नावे आहेत. जैना कदल हे नाव पंधराव्या शतकातील लोकप्रिय सुलतान जैनुल आबिदीन याच्यावरून पडले. फतेह कदल आणि जैना कदल यांच्यामध्ये, अगदी नदीकाठी, शाह-ए-हमदान यांची लाकडी खानकाह उभी आहे. तिच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात.

पूर्वी या खोऱ्यात चांगल्या सडका नव्हत्या. मग धान्य, लाकूड, भाजीपाला आणि माणसे यांची ने-आण कशी होत असे? ती नावांतून होत असे. अकबराच्या दरबारातील इतिहासकार अबुल फजल याने काश्मीरचे वर्णन करताना लिहून ठेवले आहे, की तेथील सारा व्यापार नावांच्या आधाराने चालतो. म्हणजे नदी हाच त्या शहराचा हमरस्ता होता.

जमीन मिळेना, म्हणून पाण्यावर घर

आता प्रश्न असा पडतो, की नावेचे घर कसे झाले? यामागे एक मजेदार कारण आहे.

सन १८४६ मध्ये अमृतसरचा तह झाला आणि काश्मीरवर डोगरा महाराजांचे राज्य सुरू झाले. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात राहणारे इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे उन्हाळ्याने हैराण होत. ते थंड हवेच्या शोधात काश्मीरला येऊ लागले. त्यांना तेथे बंगले बांधायचे होते. परंतु महाराजांच्या राज्यात परक्या माणसाला जमीन विकत घेता येत नव्हती. जमीन नाही, तर घर कुठे बांधणार?

श्रीनगरच्या नदीवर ‘डोंगा’ नावाच्या लांबट नावा होत्या. नावाड्यांची कुटुंबे त्यांतच राहत, तेथेच स्वयंपाक करीत आणि तेथेच झोपत. या नावांना चटयांच्या भिंती असत. इंग्रज पाहुणे प्रथम या नावा भाड्याने घेऊ लागले. पुढे चटईच्या जागी लाकडी फळ्या आल्या. फळ्यांना काचेच्या खिडक्या बसल्या. एका मोठ्या जागेच्या निरनिराळ्या खोल्या झाल्या. १८८० नंतरच्या काळात या सुधारलेल्या नावेला आजच्या हाऊसबोटीचे रूप आले. जमिनीवरचा कायदा पाण्यावर लागू पडत नव्हता. म्हणून घरच पाण्यावर उभे राहिले!

एक गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. गरज परदेशी पाहुण्यांची होती, पण कसब काश्मिरी सुतारांचे आणि नावाड्यांचे होते. नाव त्यांची, लाकूडकाम त्यांचे आणि पाहुणचारही त्यांचाच.

हाऊसबोट कशी असते?

हाऊसबोट ही नावेसारखी दिसली तरी प्रवास करीत नाही. तिला शीड नसते आणि इंजिनही नसते. ती काठाशी दोरखंडांनी आणि साखळ्यांनी बांधून ठेवतात. जागा बदलायची असेल तर माणसे लांब बांबूंनी तिला ढकलत नेतात. काठावरून तिच्यावर जायला एक फळी टाकलेली असते. डल सरोवरातील बऱ्याच हाऊसबोटी काठापासून दूर आहेत. तेथे जायला ‘शिकारा’ नावाची छोटी, छत असलेली नाव लागते. झेलमवरील हाऊसबोटी मात्र शहरातील ‘बंड’ नावाच्या बांधालगत उभ्या असतात. त्यामुळे पाहुणा फळीवरून चार पावले टाकतो आणि घरात पोहोचतो.

मोठी हाऊसबोट साधारणपणे ८० ते १२५ फूट लांब आणि १० ते २० फूट रुंद असते. तिचा तळ सपाट असतो. सपाट तळामुळे ती कमी खोल पाण्यातही स्थिर तरंगते. ती बांधण्यासाठी देवदाराचे लाकूड वापरतात. या लाकडात एक प्रकारचे सुगंधी तेल असते. त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्याला कीडही सहसा लागत नाही. नीट निगा राखली तर अशी नाव कित्येक दशके टिकते.

आत शिरताना प्रथम ओसरी लागते. तिला कोरीव कठडा असतो. पाहुणे येथे बसून नदी पाहतात. ओसरीच्या मागे बैठकीची खोली, त्यामागे जेवणाची खोली आणि मग एका ओळीत झोपायच्या खोल्या असतात. आगगाडीच्या डब्याप्रमाणे एका बाजूने लांबट वाट जाते. वर सपाट छप्पर असते. जिन्याने वर गेले, की ऊन खात बसता येते.

या घराचे छत अवश्य पाहावे. लाकडाचे लहान लहान तुकडे त्रिकोणी, चौकोनी व षट्कोनी आकारात कापतात आणि एकमेकांच्या खाचांत बसवतात. त्यांना खिळा मारत नाहीत. तरीही छत पक्के राहते. या कलेला ‘खतमबंद’ म्हणतात. भूमितीच्या पुस्तकातील आकृत्या कोणी छतावर मांडून ठेवल्या आहेत असे वाटते. मेजे, खुर्च्या आणि आरसे यांच्या चौकटी अक्रोडाच्या लाकडाच्या असतात. त्यांवर चिनारची पाने आणि कमळे कोरलेली असतात. जमिनीवर लोकरीचे नमदे किंवा गालिचे असतात. म्हणजे एका हाऊसबोटीत सुतार, कोरीव काम करणारा, नमदा बनवणारा आणि गालिचे विणणारा अशा अनेक कारागिरांचे हात लागलेले असतात.

पाण्यावरची माणसे

हाऊसबोटींचे मालक बहुतेक ‘हांजी’ समाजाचे आहेत. हांजी म्हणजे काश्मीरचे नावाडी. त्यांच्यात कामाप्रमाणे निरनिराळे गट आहेत. काही जण मासे पकडतात. काही जण सरोवरातील तरंगत्या वाफ्यांवर भाजी पिकवतात. काही जण पाण्यातील शिंगाडे काढतात. काही जण डोंगे आणि हाऊसबोटी चालवतात. आपण हजरत नूह यांचे वंशज आहोत असे हे लोक परंपरेने सांगतात. ज्यांनी पहिली मोठी नौका बांधली, त्यांच्याशी आपले नाते जोडण्यात या नावाड्यांना अभिमान वाटतो.

पाहुण्यांची नाव आणि मालकाची नाव वेगळी असते. मोठ्या हाऊसबोटीच्या मागे किंवा शेजारी एक साधा डोंगा बांधलेला असतो. मालकाचे कुटुंब त्यात राहते. स्वयंपाकही तेथेच होतो. लाकडी घरात चूल पेटवणे धोक्याचे असते. शिवाय पाहुण्यांना धुराचा त्रासही होत नाही. अलीकडे काही कुटुंबांनी काठावर पक्की घरे बांधली आहेत. तरी पाहुण्यांचे जेवण घरच्याच माणसांच्या हातचे असते, ही रीत पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

हॉटेलात खोलीला क्रमांक असतो. हाऊसबोटीला मात्र नाव असते. मालकाला पाहुण्याचे नाव माहीत असते आणि पाहुण्याला मालकाच्या मुलांची नावे माहीत होतात. अनेक पाहुणे पुन्हा आले, की त्याच घरी उतरतात. त्यांची मुले मोठी झाली, की तीही तेथेच येतात.

सकाळची न्याहारी

पहाटे नदीवर धुके असते. जवळच्या मशिदीतून फजरची अजान ऐकू येते. थोड्या वेळाने वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज येऊ लागतो. शिकाऱ्यातून फुले, भाजी आणि केशर विकणारे फिरतात. दुकान स्वतःच गिऱ्हाइकाच्या दाराशी येते.

मग न्याहारी येते. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली भाजलेली पावरोटी, अंडी आणि मुरंबा हे पदार्थ आजही देतात. पण ज्याला काश्मीरची चव घ्यायची आहे त्याने काश्मिरी न्याहारी मागावी. गल्लीतील भटारी भल्या पहाटे तंदूर पेटवतो. त्याला ‘कांदुर’ म्हणतात. त्याच्याकडून गरम ‘गिरदा’ किंवा पातळ ‘लवासा’ आणतात. या रोट्यांवर लोणी लावतात आणि सोबत ‘नून चाय’ घेतात. नून म्हणजे मीठ. हा चहा खारट असतो आणि त्याचा रंग गुलाबी असतो! चहाची हिरवी पाने चिमूटभर सोडा घालून खूप वेळ उकळतात. पळीने तो चहा पुन्हा पुन्हा वर घेऊन ओततात. त्यामुळे त्याचा रंग गडद लाल होतो. त्यात दूध आणि मीठ घातले, की गुलाबी चहा तयार होतो. पाहुण्याला गोड हवे असेल तर ‘कहवा’ मिळतो. त्यात वेलदोडा, दालचिनी, केशर आणि बदामाचे काप असतात. तो समोवारमध्ये तयार करतात. समोवार हे तांब्याचे उंच भांडे असते. त्याच्या मध्यभागी निखारे असतात आणि भोवती कहवा गरम राहतो.

मित्रांनो, येथे भाषेची एक गंमत पाहा. मराठीतील ‘न्याहारी’ हा शब्द फारसी भाषेतून आला आहे. उर्दूत तुम्ही ‘निहार मुँह’ म्हणता, म्हणजे सकाळी काहीही न खाता. त्याच घराण्यातला हा शब्द आहे. ‘मुक्काम’ हाही तुमच्या ओळखीचा शब्द आहे. उर्दूत ‘मुकाम’ म्हणजे जागा किंवा थांबण्याचे ठिकाण. मराठीत मात्र ‘मुक्काम करणे’ म्हणजे एखाद्या ठिकाणी राहणे. उर्दूत पाहुणचार करणे म्हणजे ‘मेजबानी’. मराठीत तोच शब्द ‘मेजवानी’ झाला आणि त्याचा अर्थ झाला थाटाचे जेवण. शब्दही मुसाफिरच असतात. ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मुक्कामाला येतात आणि तेथे थोडे बदलून कायमचे राहतात.

पाणी चढते, पाणी उतरते

नदीवर राहणे दिसते तेवढे सोपे नाही. वसंत ऋतूत डोंगरावरचे बर्फ वितळते आणि झेलमचे पाणी चढते. त्याबरोबर घरही वर येते. शरद ऋतूत पाणी उतरते आणि घर खाली जाते. मालकाला दोरखंड सैल किंवा घट्ट करावे लागतात आणि फळीची उंची बदलावी लागते. पाणी फार कमी झाले तर नाव चिखलात टेकते आणि तिरकी होते. हिवाळ्यात छपरावर साठलेले बर्फ काढावे लागते, नाहीतर त्याच्या भाराने नाव बुडू शकते. खोल्या गरम ठेवण्यासाठी ‘बुखारी’ नावाची लोखंडी शेगडी पेटवतात. लाकडाच्या घरात ती फार जपून वापरावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये डल सरोवरात लागलेल्या आगीत काही हाऊसबोटी जळून गेल्या आणि तीन पाहुण्यांचा मृत्यू झाला.

सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमला महापूर आला. श्रीनगरचा मोठा भाग पाण्याखाली गेला. नदीवरील अनेक हाऊसबोटींचे नुकसान झाले. परंतु त्या दिवसांत याच नावाड्यांनी आपले शिकारे शहरात नेले. पाण्याने वेढलेल्या घरांतून त्यांनी म्हातारी माणसे, बायका आणि मुले यांना बाहेर काढले. ज्या नावा एरवी पाहुण्यांना फिरवत, त्या नावांनी माणसांचे प्राण वाचवले.

ही घरे टिकतील का?

एके काळी श्रीनगरात हाऊसबोटींची संख्या मोठी होती. आज डल, नगीन आणि झेलम मिळून ती हजाराच्या आत आली आहे. याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण म्हणजे पाहुण्यांची अनिश्चितता. १९८९ नंतर काश्मीरमध्ये अशांतता पसरली आणि बरीच वर्षे प्रवासी येईनासे झाले. पुढे ते पुन्हा येऊ लागले. परंतु २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ झालेल्या निर्घृण हल्ल्यात २६ निष्पाप माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील प्रवासीही होते. पाहुण्यांना वाचवताना एका काश्मिरी घोडेवाल्यानेही आपला जीव गमावला. त्यानंतर पुन्हा खोल्या रिकाम्या पडल्या. हाऊसबोट रिकामी राहिली तरी तिच्या तळाशी पाणी असतेच. दुरुस्ती थांबवता येत नाही.

दुसरे कारण म्हणजे देवदार. जंगल वाचवण्यासाठी झाडे तोडण्यावर बंधने आली आणि ती योग्यच आहेत. पण त्यामुळे हे लाकूड फार महाग झाले. जुनी फळी कुजली तर नवी कोठून आणायची, हा मालकापुढचा प्रश्न आहे.

तिसरे कारण म्हणजे सांडपाणी. पूर्वी हाऊसबोटींतील घाण पाणी सरळ नदीत आणि सरोवरात जाई. त्यामुळे पाणी दूषित झाले. नव्या हाऊसबोटी बांधण्यास परवानगी मिळेनाशी झाली आणि २००९ मध्ये उच्च न्यायालयाने कडक निर्बंध घातले. मालकांचे म्हणणे असे, की शहराच्या गटारांचे पाणीही तेथेच येते, मग दोष फक्त आम्हालाच का? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण दुसऱ्याने घाण केली म्हणून आपण करावी, असे होत नाही. म्हणून आता सांडपाणी नळांवाटे शुद्धीकरण केंद्राकडे नेण्याचे आणि नावेतच त्यावर प्रक्रिया करण्याचे उपाय केले जात आहेत. दुरुस्तीच्या परवानगीसाठी शासनाने नवे धोरणही आखले आहे.

येथे दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो. नदी मेली तर घरे राहून काय उपयोग? आणि घरे गेली तर हांजींचे पोट कशावर चालणार? सुतारकामाची ती विद्या कोणाला शिकवणार? नदीही वाचली पाहिजे आणि नदीवरची माणसेही जगली पाहिजेत. हे काम सोपे नाही, पण अशक्यही नाही.

पाहुण्याचा धर्म

यात पाहुण्यांचाही वाटा आहे. जुन्या घरात राहायला जाणे म्हणजे केवळ खोली भाड्याने घेणे नव्हे. भाडे आणि न्याहारीत काय काय मिळेल, हे आधीच स्पष्ट विचारून घ्यावे. म्हणजे मागाहून वाद होत नाही. पाण्यात कागद, पिशवी किंवा उरलेले अन्न टाकू नये. लाकडी घरात विडी-सिगारेट पेटवू नये. कोरीव कामावर नाव कोरू नये. मालकाच्या कुटुंबाची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वस्तू घ्यायची असेल तर कारागिराची मेहनत ध्यानात घेऊन भाव करावा.

पाहुण्याने दिलेल्या पैशांतून एखादी कुजलेली फळी बदलली जाते, एखाद्या मुलाची फी भरली जाते आणि जुनी वास्तू आणखी एक हिवाळा पाहते. आपल्याकडेही नद्या आहेत, जुने वाडे आहेत, घाट आहेत आणि सराया आहेत. गोदावरी, तापी, गिरणा आणि कृष्णा यांच्या काठी फिरताना त्या वास्तूंकडे नीट पाहा. ज्या जुन्या घरात माणसे राहतात, दिवा लागतो आणि चूल पेटते, ते घर लवकर पडत नाही. रिकामे घर मात्र लवकर ढासळते.

शब्दार्थ

पाठ टेकणे – आडवे होणे, आराम करणे
न्याहारी – सकाळचे पहिले खाणे, नाश्ता
हमरस्ता – मोठा, मुख्य रस्ता
कसब – कौशल्य, हुनर
ओसरी – घरापुढील छत असलेली मोकळी जागा, बरामदा
वल्हे – नाव चालवण्याचे लाकडी साधन, चप्पू
सांडपाणी – वापरून झालेले घाण पाणी
ढासळणे – कोसळणे, पडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) काश्मिरी भाषेत पुलाला काय म्हणतात?
(आ) हाऊसबोटीसाठी कोणते लाकूड वापरतात?
(इ) नून चहाचा रंग कसा असतो?

२. कारणे द्या.
(अ) इंग्रज पाहुणे नावांत राहू लागले.
(आ) पाहुण्यांचा स्वयंपाक वेगळ्या डोंग्यात करतात.
(इ) हाऊसबोटींची संख्या कमी झाली.

३. ‘नदीही वाचली पाहिजे आणि नदीवरची माणसेही जगली पाहिजेत.’ या वाक्याविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे, पण अर्थात थोडा फरक असलेले पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या गावाजवळील एखादी जुनी वास्तू पाहून या. ती कोणी बांधली, आज तिचा उपयोग कशासाठी होतो, याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.